रिक्रूटरने जपानी कारागिरांकडून काय घ्यावं?

चिपळूणची_पोर: लोटे एमआयडीसीतल्या केमिकल कंपन्यांसाठी माणसं शोधते, ६ वर्षं झाली. रोज ४० सीव्ही ढकलायचे, त्यातले २ जेमतेम टिकतात. ते जपानी शोकुनिन, म्हणजे कसबी कारागीर, एकच काम जन्मभर घासत बसतात ना, त्यातलं आपल्या धंद्यात काही चालेल का?

दापोलीकर: ताई, टोयोटावाले गेंची गेंबुत्सु म्हणतात, म्हणजे जागेवर जाऊन स्वतः बघायचं. रिॲक्टरपाशी एक नाइट शिफ्ट उभी राहिलीयस कधी? मी राहिलो तेव्हा कळलं की ऑपरेटरला डिग्रीपेक्षा पंपाचा बदललेला आवाज ओळखता यायला हवा, मग प्रश्नच बदलले सगळे.

हापूसवाला: आमच्याकडे आंबा नुसता हातात घेऊन प्रतवारी करणारे म्हातारे आहेत, तेही शोकुनिनच की! बाकी जपानात इसेचं देऊळ दर २० वर्षांनी नवीन बांधतात, शेवटचं २०१३ ला, त्यात जुने सुतार नव्यांना हाताखाली तयार करतात. तू ज्युनियरला इंटरव्ह्यूत शेजारी बसवतेस की नुसती एक्सेल पाठवतेस?

चिपळूणची_पोर: एक्सेलच 🙈 सोमवारी दोघी प्लांटवर जातो, सेफ्टी शूज चिपळुणात कुठे मिळतील?