छापील अंकांच्या नोंदी बंद करायच्या म्हणे!

खाडीकाठ: काल ग्रंथपालांच्या या चर्चेत एका महाशयांनी सल्ला दिला: "'एक राष्ट्र एक सदस्यता' ही सरकारची ई-जर्नल योजना आली, आता छापील जर्नलचे अंक कोण नोंदवत बसतो? अंकांची आवक नोंदवायचं ते कार्डांचं कपाट, कार्डेक्स, भंगारात काढा, कॅटलॉगात 'उपलब्ध' लिहा, विषय संपला."

संपला कसा? ती योजना २०२५ ते २०२७ अशी तीन वर्षांची. ६,००० कोटी, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स, सगळं मान्य. पण ती केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी. आपल्याकडे अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत बहुतेक महाविद्यालयं शिक्षणसंस्थांची. आणि 'उपलब्ध' म्हणजे काय उपलब्ध? होल्डिंगची नोंद पैसे कशाचे भरले ते सांगत नाही, कपाटात काय आहे आणि काय नाही ते सांगते. 'करंट सायन्स: खंड ११६ (२०१९) ते १२४ (२०२३), खंड १२१, अंक ७ नाही.' कॅटलॉगाच्या ८६६ या होल्डिंगच्या रकान्यात एवढी एक ओळ भरायला जीव जातो?

दर्यावर्दी: महाशय मीच. करंट सायन्स संकेतस्थळावर फुकट वाचता येतं, हे सोयीस्कर विसरलात. एकच परिचर, तोच देवघेव करणार, तोच झेरॉक्स काढणार, आणि त्यानेच अंक नोंदवायचे? वर कोहा या ग्रंथालय-सॉफ्टवेअरचा पुढच्या अंकांचा अंदाज. वर्ष सरायच्या आत खंड एक आणि अंक भलताच!

जुनाकार्डेक्स: अंदाज चुकत नाही, खंड-अंक कसे वाढतात तो पॅटर्न चुकीचा भरलेला असतो. करंट सायन्स पाक्षिक, १० आणि २५ तारखेचं. वर्षाला दोन खंड, खंडाला १२ अंक. म्हणजे खंड दर १२ अंकांनी १ ने वाढवायचा, अंक १२ च्या पुढे गेला की पुन्हा १. इथवर सगळे बरोबर भरतात. घोळ पुढे आहे. आपली वर्गणी एप्रिलपासून, म्हणजे पहिला अंक ७. तेव्हा खंडाच्या इनर काउंटरमध्ये, म्हणजे चालू खंडाचे किती अंक होऊन गेले ते मोजणाऱ्या घरात, ६ हवेत. तिथे ० राहिलं की खंड १२६ चा अंक १२ झाल्यावर १२७ चा १ येण्याऐवजी पुन्हा १२६ चा १ येतो, आणि पुढे कायम सहा अंकांचा फरक. ईपीडब्ल्यूचा (इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली) जोडअंक आला तर अंक २६ चं हाताने '२६-२७' करा आणि २७ ची अपेक्षित नोंद मोकळी सोडू नका. नाहीतर न निघालेल्या अंकासाठी एजंटाला स्मरणपत्रं जात राहतात.

हापूसवाली: एप्रिलपासून वर्गणी हेच मूळ दुखणं आहे! जर्नलं जानेवारी ते डिसेंबर चालतात, मागणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेली पाहिजे, आणि मंजुरी येते मार्चअखेर. पहिल्या तिमाहीचे अंक गेले ते गेले. खंड अर्धवट म्हणून बांधणी नाही, बांधणी नाही म्हणून दाखल क्रमांक नाही, सुटे अंक गठ्ठ्यात कुजतात. आणि दोष ग्रंथपालाला.

माडाखाली: तुमी सांगतास ता खरा, पण बांधणीचा काय? जूनपासून सप्टेंबरपर्यंत बांधणीक देवच नये. खळ सुकत नाय, पुठ्ठो वाकता, बुरशी धरता. एप्रिल-मे मध्ये उरकून टाका, खळीत मोरचूद घाला, कसर लागणा नाय.

जुनाकार्डेक्स: मोरचूद अजिबात नको! तांब्याने कागद लवकर पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, आर्ट पेपरचे अंक आडवे रचू नका. ओल लागली की पानाला पान चिकटतं, सोडवताना छपाईच निघून येते.

माडाखाली: कागद पिवळो पडात तेवा पडात, कसरीन आधी खाल्ल्यान तर पिवळो पडाक उरतलो काय? किनाऱ्यावर ये आणि मग शिकव.

हापूसवाली: अहो, धागा बांधणीचा नाही!

खाडीकाठ: असू दे. दर्यावर्दींनी एवढंच सांगावं: ई-जर्नलची वर्गणी थांबली की मागच्या वर्षांचं काय? करारात कायमचा हक्क लिहिलेला नसेल तर पैसे भरलेली वर्षंही बंद. आणि चालू असताना तरी कॅटलॉगात कोणत्या सालापासून, शेवटच्या किती महिन्यांचे अंक प्रकाशकाने अडवलेले, हे लिहिता का? की तिथेही 'उपलब्ध'?

दर्यावर्दी: बरं, महापंडितहो, ८६६ ची एक ओळ भरतो. बंद पडलेल्या जर्नलांचीसुद्धा भरतो, खूश? ईपीडब्ल्यूसारखी पाच-सहा सोडली तर अंकवार हजेरी मात्र घेणार नाही. आणि कार्डेक्स विकणार म्हणजे विकणार.

जुनाकार्डेक्स: विका. त्याआधी प्रत्येक कार्ड उलटून बघा. स्मरणपत्रांच्या तारखा मागे पेन्सिलीने लिहिलेल्या असतात, त्या कोहात आपोआप जात नाहीत. वर्गणीच्या टिपेत उतरवून घ्या. 'पैसे आगाऊ भरले, अंक कुठेत?' असं लेखापरीक्षक विचारतो तेव्हा ८६६ ची ओळ फक्त 'नाही' म्हणते, मागितला होता की नाही ते सांगत नाही.