मदत हवी आहे: बंद कारखान्यातल्या हंगामी कामगाराच्या पत्नीला पीएफची पेन्शन

नमस्कार मंडळी,

माझे मामा धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. गाळप सुरू झालं की रस आटवायच्या पॅनवर ड्यूटी, हंगाम संपून पट्टा पडला की घरी. असे 12 हंगाम त्यांचा पीएफ कापला गेला, नंतर कारखानाच बंद पडला. पेन्शनचे पैसे मामांनी काढले नाहीत, 58 पूर्ण झाले की सुरू होईल म्हणून तसेच ठेवले. गेल्या वर्षी, वयाच्या 51व्या वर्षी, ते वारले. मामी रोजंदारीवर जातात, मुलगी बी.ए.ला आहे आणि मुलगा अकरावीत.

कारखान्यातले एक जुने बाबू म्हणतात, "महिने मोजले तर 10 वर्षं भरत नाहीत. पेन्शन विसरा, आहे ती रक्कम एकदाच उचला." मामी तयारही झाल्या होत्या. मी थांबवलं, कारण 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेतला नियम वेगळं सांगतो: हंगामी कामगाराची त्या वर्षातली प्रत्यक्ष सेवा वर्षापेक्षा कमी असली तरी ते पूर्ण वर्ष धरायचं. म्हणजे 12 हंगाम ही 12 वर्षंच झाली ना? असं प्रकरण कुणी मंजूर करून घेतलं असेल तर अर्जासोबत काय लिहून दिलं, ते सविस्तर सांगा. माझी मुख्य अडचण हीच आहे.

दुसरं, पेन्शनच्या अर्जावर, म्हणजे फॉर्म 10-डी वर, मालकाची सही लागते. कारखान्यात आता वॉचमनशिवाय कुणी नाही. बँक मॅनेजर किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही चालते असं कळलं. तुमच्याकडे कुणाची चालली? पीएफच्या पासबुकात नोकरी सोडल्याची तारीखही भरलेली नाही, ती आता कोण भरणार? दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्यात पीएफचं शिबिर असतं, तिथे हे काम होतं का?

मुलांना 25 वर्षांपर्यंत वेगळी पेन्शन असते, एका वेळी दोघांना. तिचा अर्ज याच फॉर्मवर की वेगळा?

आणखी एक. मामींना संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला 1,500 मिळतात, उत्पन्नाची अट वर्षाला 21,000. पीएफची पेन्शन सुरू झाली की ते बंद होतील का? पीएफची किमान पेन्शन 2014 पासून महिन्याला 1,000 रुपयांवरच आहे. राज्यसभेच्या कोश्यारी समितीने 2013 मध्येच 3,000 सुचवले होते, पेन्शनधारक 7,500 आणि महागाई भत्ता मागतायत. पगारातून कापून घेतलेल्या पैशाची पेन्शन निराधार अनुदानापेक्षा कमी असावी, हे मला मुळीच पटत नाही. आणि त्याच कारखान्याला मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन ऊस तोडून देणाऱ्यांचा तर पीएफही कापला जात नाही, त्यांच्या घरच्यांनी काय करायचं?

मामांचा यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा नंबर) सापडलाय, मृत्यू दाखला आणि वारसांची कागदं तयार आहेत. आधारवर मामांचं आडनाव एका अक्षराने वेगळं आहे. ते अर्जाआधी दुरुस्त करावं लागेल की प्रतिज्ञापत्रावर भागेल? लातूर, बीड, परभणीकडच्या कारखान्यांतल्या कुणी हे केलं असेल तर कृपया लिहा.