√३७, डिफरन्शियल आणि क्षितिज

"कॅल्क्युलेटर असताना √३७ डिफरन्शियलने कशाला काढायचं?" असं कुणी विचारलंय. (डिफरन्शियल म्हणजे जवळच्या सोप्या किमतीपासून, इथे √३६ पासून, तिथल्या स्पर्शिकेच्या चढाने काढलेला वाढीचा अंदाज.) मला त्यातून बदलाचा वेग दिसतो, म्हणून. रत्नागिरीच्या कड्यावर डोळा समुद्रापासून ३६ मीटर उंच असेल, तर क्षितिज सुमारे २१.४ किमीवर (मीटरमधल्या उंचीच्या वर्गमुळाची ३.५७ पट). आणखी एक मीटर चढलात, म्हणजे √३६ चं √३७ झालं, तर डिफरन्शियलने वाढ ३.५७ भागिले २√३६ (√x च्या स्पर्शिकेचा चढ १ भागिले २√x असतो), म्हणजे ०.२९७५ किमी. कॅल्क्युलेटर ०.२९५५ देतो. फरक २ मीटर, तोही नेहमी जास्तीच्याच बाजूने, कारण वर्गमुळाचा आलेख स्पर्शिकेखाली राहतो. (हवेतल्या वक्रीभवनाने क्षितिज दीड-दोन किलोमीटर लांब जातं, ते निराळंच!) होडीत बसून डोळा १ मीटरवर असेल, तर मात्र पुढच्या एका मीटरसाठी अंदाज १.७९ किमी आणि खरी वाढ १.४८. तिथे कॅल्क्युलेटरच काढा.