पाप ‘पदरी घेणे’ आणि चोरीचे ‘भरून देणे’

प्रश्न, गिरगावातून

आमच्या चर्चमध्ये रविवारी मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग मराठीतून चालतो. बायबलच्या दहा आज्ञांतल्या सातव्या आज्ञेवर, म्हणजे ‘चोरी करू नको’वर, दोन पानांचे टिपण तयार करते आहे. (बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळींच्या मोजणीत हीच आज्ञा आठवी येते, ते पालकांसाठी खाली देईनच.) अडले आहे एका शब्दापाशी. चोरी कबूल केल्यावर चोरलेली वस्तू मालकाला पोचती करायची, याला मराठीत नेमके काय म्हणावे? परतफेड, परतावा, नुकसानभरपाई, प्रायश्चित्त असे सगळे लिहून पाहिले, एकही मनासारखा बसत नाही. मागच्या रविवारी पाचवीतल्या एका मुलाने विचारले, ‘टीचर, दुकानातून कंपासपेटी उचलली, कन्फेशनमध्ये फादरना सांगितलं, फादरनी माफ केलं. मग आता ती पेटी माझी ना?’ शब्द चुकीचा पडला तर मुलांना हेच उत्तर बरोबर वाटेल, म्हणून विचारते.

माहीमहून

ताई, त्या मुलाने नेमके मर्मावर बोट ठेवले आहे. पेटी त्याची नाही. क्षमा देवाने केली, पेटी दुकानदाराची.

‘प्रायश्चित्त’ हा शब्द इथे मुळीच वापरू नका. कन्फेशननंतर, म्हणजे धर्मगुरूपुढे पापे सांगून झाल्यावर, फादर जे सांगतात, अमुक प्रार्थना म्हण, अमुक सत्कृत्य कर, ते प्रायश्चित्त. चोरलेली वस्तू परत करणे हा त्याचा भाग नाही, ते स्वतंत्र देणे आहे आणि ते दुकानदाराचे आहे. फादर देवाच्या नावाने पापाची क्षमा जाहीर करू शकतात, पण दुकानदाराचे पैसे दुकानदाराला न विचारता कसे सोडतील? 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात हे दोन ठिकाणी स्वच्छ आले आहे. परिच्छेद 1459 म्हणतो की शेजाऱ्याचे नुकसान केले असेल तर शक्य तेवढे भरून काढलेच पाहिजे, आणि तिथे पहिले उदाहरणच चोरीचा माल परत करण्याचे आहे. परिच्छेद 2412 म्हणतो, चोरलेले मूळ मालकाला परत गेले पाहिजे. हे काही नवे नाही. पाचव्या शतकात संत ऑगस्टिन यांनी मॅसिडोनियस नावाच्या अधिकाऱ्याला पत्र लिहिले. परत करणे शक्य असून केले नाही, तर तो पश्चात्ताप नव्हे, पश्चात्तापाचे सोंग आहे, असे त्यात त्यांनी बजावले आहे.

आता बाकीचे शब्द. ‘परतफेड’ कर्जाची होते, उपकाराचीही होते. दोन्हींत समोरच्याने राजीखुशीने दिलेले असते. चोरीला ‘परतफेड’ म्हटले की दुकानदाराने पेटी उसनी दिली होती असे वाटू लागते. ‘परतावा’ आयकराचा किंवा गुंतवणुकीचा. ‘नुकसानभरपाई’ सरकार अवकाळी पावसानंतर देते, विमा कंपनी देते. देणाऱ्याचा दोष असलाच पाहिजे असे त्या शब्दात कुठेच नाही. ‘कबुलीजबाब’ही टाळा, तो पोलिसांच्या कागदावरचा शब्द आहे.

माझे मत ‘भरून देणे’ला. गल्ल्यात कमी पडले, ते भरून दे. आपल्या आया हेच सांगत आल्या आहेत. यात वस्तू येते, पैसा येतो, आणि खड्डा आपण पाडला ही जाणीवही येते. मुलांना शब्दाचा अर्थ वेगळा समजावावा लागत नाही.

वसईहून

‘भरून देणे’ला माझेही अनुमोदन. पण त्याच्या आधीचा शब्द सोडू नका. मराठी बायबलमध्ये योहानाच्या पहिल्या पत्रात (1:9) पापे ‘कबूल करणे’ नाही, ‘पापे पदरी घेणे’ आहे. हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. मुंबईत सगळेच ‘कन्फेशन’ म्हणतात, गोव्याकडच्या घरांत पोर्तुगीजवरून आलेले ‘कुमसार’ ऐकू येते, छापील पुस्तकांत ‘पापनिवेदन’ असते. या तिन्हींत सांगणे आहे. ‘पदरी घेणे’मध्ये सांगण्याच्या पुढचे आहे: हे माझे, याचा भार माझ्यावर.

आणि मराठीत पदर नुसता चूक घेण्यापुरता नाही. पदरचे पैसे, पदरमोड, पदराला खार. ज्या पदरात चूक घ्यायची त्याच पदरातून खर्चही करायचा. दुसऱ्या बाजूला ज्याचे चोरीला गेले तो अपराध ‘पोटात घालतो’. मुलांना हे दोन वाक्प्रचार शेजारी शेजारी लिहून द्या. पदरी घ्यायचे ते चोराने, पोटात घालायचे ते मालकाने, आणि एकाने दुसऱ्याचे काम करायचे नाही. चोरच ‘जाऊ दे, पोटात घाल’ म्हणत फिरू लागला, तर मालकाच्या हातात काय उरले?

बायबलमधली जक्कयाची गोष्ट (लूक 19) याच दृष्टीने सांगा. यरीहोचा मुख्य जकातदार, श्रीमंत, बुटका, येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढलेला. मुलांना झाड आठवते आणि गोष्ट तिथेच थांबते. खरी गोष्ट पुढे घरात आहे. तो उभा राहतो आणि हिशेब मांडतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट. गरिबांचे वेगळे आणि ज्यांना लुबाडले त्यांचे वेगळे, दोन खाती. एकाचे देऊन दुसऱ्याचे फिटत नाही.

दादरहून

मी ख्रिस्ती नाही, पण चर्चा मन लावून वाचतो आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायातही किरकोळ वस्तूंच्या चोरीला प्रायश्चित्त सांगताना आधी ती वस्तू परत द्यावी असे म्हटले आहे. म्हणजे ‘प्रायश्चित्त’ आणि ‘परत देणे’ हे दोन वेगळे, ही जाण आपल्याकडच्या परंपरेतही आहे.

दोन शंका. चौपट हा नियमच आहे का? आणि मालक सापडलाच नाही, किंवा तोंड दाखवायचीच लाज वाटली, तर?

माहीमहून

चौपट सर्वांना लागू नाही. बायबलमधल्या निर्गमच्या 22व्या अध्यायात चोरून कापलेल्या किंवा विकलेल्या बैलाबद्दल पाच बैल, मेंढराबद्दल चार मेंढरे, आणि जनावर चोराकडे जिवंत सापडले तर दुप्पट. ही पकडलेल्या चोराची गोष्ट. लेवीयच्या सहाव्या अध्यायात आणि गणनाच्या पाचव्यात अपराध पदरी घेणाऱ्याची गोष्ट आहे: मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा. शंभर घेतले असतील तर एकशे वीस. स्वतःहून पुढे येणाऱ्यावरचा बोजा हलका ठेवला आहे, हे मला फार माणुसकीचे वाटते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी भेद स्पष्ट केला: जेवढे घेतले तेवढे परत करणे हे प्रत्येकावर बंधन, त्यावरचा दंड न्यायाधीशाने ठोठावला तरच. जक्कयाने चौपट दिले ते आपल्या राजीखुशीने.

मालक वारला असेल तर वारसांना द्यायचे. कोणीच सापडत नसेल, मनापासून शोधूनही, तर गरिबांना. हा क्रम महत्त्वाचा. दुकान समोर उघडे असताना पैसे चर्चच्या पेटीत टाकणे म्हणजे भरून देणे नव्हे.

लाजेचे म्हणाल तर चर्च कोणाची चारचौघांत शोभा करायला सांगत नाही. नाव न सांगता पाकिटातून पाठवा, फादरांच्या हातून पाठवा. कन्फेशनमधले गुपित फादर कोणालाही, पोलिसांनाही सांगू शकत नाहीत. ते जाणूनबुजून फोडणाऱ्या धर्मगुरूला चर्चच्या कायद्याने बहिष्काराची शिक्षा आहे. आणि आज ऐपत नसेल तर जमेल तेव्हा, जमेल तसे. देणे लांबते, बुडत नाही. लोकलने विनातिकीट फिरलेल्याला सोपी वाट आहे: जेवढे भाडे बुडवले तेवढ्याची तिकिटे काढायची आणि न वापरता फाडून टाकायची. रेल्वेचे रेल्वेला पोचते.

भायखळ्याहून

प्रॉटेस्टंट घरातून एक गोष्ट जोडते. आमच्याकडे धर्मगुरूपुढे पापनिवेदनाची सक्ती नाही, कबुली थेट देवापाशी. क्षमा विश्वासाने, फुकट मिळते असे आम्ही शिकवतो. म्हणून ‘भरून दिले तर क्षमा मिळेल’ असे वाक्य टिपणात येऊ देऊ नका. जक्कय देतो ते येशू त्याच्या घरी उतरल्यावर. पण परत न करणाऱ्याचा पश्चात्ताप खरा मानायचा का, याचे उत्तर दोन्हीकडे एकच. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर (मत्तय 5) हे आम्हीही तितक्याच गंभीरपणे वाचतो.

वसईहून

वस्तूच उरली नसेल तेव्हासाठी अजून एक शब्द. बातम्यांत ‘चोरीचा ऐवज मूळ मालकांना परत’ असे वाचतो. ‘ऐवज’ अरबीतून आला, मूळ अर्थ बदला, मोबदला. ‘च्या ऐवजी’ तिथूनच. पेटी मोडली असेल तर दुकानदाराला तिचा ऐवज द्यायचा. मोठ्या मुलांना हा शब्द झेपेल.

गिरगावातून

सगळ्यांचे आभार. टिपणात असे लिहिते: ‘पाप पदरी घ्यावे, देवाची क्षमा मागावी, आणि ज्याचे घेतले त्याचे त्यालाच भरून द्यावे.’ भायखळ्याच्या ताईंचे ऐकून ‘क्षमा मिळण्यासाठी’ हे शब्द गाळले. इफिसकरांस पत्रातला चौथा अध्यायही घेते: चोरी करणाऱ्याने आता स्वतःच्या हातांनी काम करावे, म्हणजे गरजवंताला देण्याजोगे त्याच्याजवळ काही असेल. ‘ऐवज’ नववी-दहावीच्या वर्गासाठी ठेवते.