लिनक्सवर बसून विंडोजसाठी असेंब्ली: "नॅझम घ्या, झालं" एवढ्यावर भागत नाही

शून्यबाइट (धागाकर्ता):
काल एकाने सल्ला दिला, "लिनक्सवरून विंडोजसाठी असेंब्ली करायची तर नॅझम घ्या, -एफ विन६४ द्या, झालं." वाचून राहवलं नाही. (नॅझम म्हणजे असेंब्लीचं मशीन कोडमध्ये रूपांतर करणारा एक असेंबलर.) -एफ विन६४ या पर्यायाने ऑब्जेक्ट फाइलचा साचा बदलतो, आतला कोड लिनक्सचाच राहतो! लिनक्सवर फंक्शनचं पहिलं आर्ग्युमेंट आरडीआय रजिस्टरमध्ये, विंडोजवर आरसीएक्समध्ये. विंडोजवर कॉल करण्याआधी स्टॅकवर ३२ बाइट शॅडो स्पेस (बोलावलेल्या फंक्शनसाठी राखीव जागा) सोडायची. लिनक्सवरचा १२८ बाइटांचा रेड झोन (स्टॅक पॉइंटरखालची, न राखता वापरता येणारी जागा) तिकडे नाहीच.

हे सगळं सांभाळलं आणि एक्सएमएम६ हे रजिस्टर विसरलो. विंडोजवर एक्सएमएम६ ते १५ जसेच्या तसे परत द्यावे लागतात. डीबग बिल्ड बरोबर, रिलीजमध्ये बेरजा चुकीच्या. क्रॅशही नाही. तीन दिवस गेले.

माझं मत: टार्गेटच्या टूलचेनमधलाच (कंपायलर, लिंकर वगैरेंच्या संचातलाच) असेंबलर घ्या. मिंगडब्ल्यूसोबत (विंडोजसाठीची जीसीसी कंपायलरची टूलचेन) गॅस, म्हणजे जीएनयूचा असेंबलर येतो, आणि त्यात अनवाइंडच्या (एक्सेप्शन आल्यावर स्टॅक उलगडत मागे जाण्याच्या) माहितीसाठी एसईएच डायरेक्टिव्ह आहेत. नॅझममध्ये त्या माहितीचे पीडेटा, एक्सडेटा हे विभाग हाताने भरत बसा.

स्टॅकवाला:
साफ असहमत. एक्सएमएम६ तुम्ही विसरलात, गॅसमध्येही विसरला असतात. नॅझमवर राग कशाला? एक्स२६४ आणि एफएफएमपेग हे व्हिडिओचे प्रकल्प मॅक्रोंच्या जोरावर एकाच सोर्समधून लिनक्स-विंडोजची दोन्ही कॉलिंग कन्व्हेन्शन सांभाळतात. शिवाय गॅस म्हणजे एटीअँडटी सिंटॅक्स. जिकडेतिकडे परसेंट आणि डॉलर, इंटेल सिंटॅक्सच्या तुलनेत ऑपरंड उलटे. सीएमपी (तुलना) नंतर जेजी (मोठं असेल तर उडी) दिसलं की दर वेळी मनात अदलाबदल करायची.

शून्यबाइट:
फाइलच्या वर 'इंटेल_सिंटॅक्स नोप्रिफिक्स' ही एक ओळ लिहा. प्रश्न मिटला.

अर्धाशब्द:
उलटे कसले? "इथून तिथे" असं वाचा, सरळ आहे. लिनक्स कर्नलचं एक्स८६ असेंब्ली याच सिंटॅक्समध्ये आहे, ऑब्जडम्पही (बायनरीतून असेंब्ली दाखवणारं साधन) मुळात हेच दाखवतो. ज्यांनी कधी मोठा कोड वाचला नाही त्यांचीच ही तक्रार असते.

स्टॅकवाला:
मी किती कोड वाचलाय ते तुम्ही ठरवू नका. एफसब आणि एफसबआर (वजाबाकी आणि उलटी वजाबाकी) यांचं काय? एटीअँडटीमध्ये काही ठिकाणी त्यांचा अर्थ चक्क उलटा होतो. जुन्या युनिक्स असेंबलरची चूक, जीसीसी तीच वापरत आलं म्हणून गॅसने जपून ठेवली. मॅन्युअलमध्ये तसं लिहिलंय. या एका इन्स्ट्रक्शनपायी माझ्या वजाबाकीचं चिन्ह उलटं येत होतं.

अर्धाशब्द:
एक्स८७ (एफसब ज्यातलं आहे तो जुना फ्लोटिंग-पॉइंट संच) आता लिहितं कोण?

स्टॅकवाला:
मी लिहितो. ८० बिटांची अचूकता लागते म्हणून.

अर्धाशब्द:
ठीक, एफसबचं मान्य. बाकी काहीही नाही.

जुनीफाइल:
सिंटॅक्सवर भांडून झालं असेल तर ज्यांच्याकडे मॅझमचा (मायक्रोसॉफ्टच्या असेंबलरचा) जुना कोड आहे त्यांनी काय करायचं ते बोलूया का? माझ्याकडे चाळीस फायली होत्या, इन्व्होक (मॅझमची फंक्शन बोलावण्याची सोपी पद्धत) आणि मॅक्रोंनी भरलेल्या. नॅझममध्ये उतरवायला घेतल्या, सहाव्या फायलीला हात टेकले. शेवटी यूएझम, म्हणजे मॅझमचा कोड समजणारा असेंबलर, लिनक्सवर बिल्ड केला, बहुतेक फायली न बदलता चालल्या. नवीन लिहिणाऱ्यांना तुमचे दोन्ही सल्ले चालतील. आम्हाला एकही नाही.

शून्यबाइट:
हे माझ्या डोक्यातच नव्हतं. "टार्गेटचा असेंबलर घ्या" म्हणताना मूळ कोड कशात लिहिलाय हेही बघायला हवं.

स्टॅकवाला:
अनवाइंडचा मुद्दा तेवढा मी मान्य करतो. आमच्या कॉलबॅकमधून सी++चं एक्सेप्शन नॅझमच्या फंक्शनपर्यंत आलं आणि प्रोसेसच संपली. त्या फंक्शनला पीडेटा नव्हता, म्हणून विंडोजने ते लीफ (स्टॅक न हलवणारं, दुसरं फंक्शन न बोलावणारं) धरलं आणि परतीचा पत्ता भलत्याच जागी वाचला. ती एक फाइल गॅसमध्ये हलवतो. इंटेल सिंटॅक्समध्येच.