मदत हवी आहे: दंड भरून मोकळं व्हावं की केस लढावी?

नमस्कार मंडळी. माझा भाचा, वय 23. चहाच्या टपरीवर पार्किंगवरून दोघांची जुंपली. हा सोडवायला गेला आणि शर्टाची बाही फाडून घेऊन आला. पोलिसांनी तिघांवरही भारतीय न्याय संहितेचं कलम 194(2) लावलंय, म्हणजे सार्वजनिक ठिकाणी मारामारी करून शांतता भंग करणं. शिक्षा एक महिन्यापर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जामीनपात्र आहे, त्यामुळे त्याच रात्री सुटला.

आता जो तो सांगतोय, "गुन्हा कबूल कर, दंड भर, विषय संपव." पण कबुली म्हणजे दोषसिद्धीच ना? पुढच्या महिन्यात त्याची नोकरीची पोलीस पडताळणी आहे, पासपोर्टही काढायचाय. हजार रुपयांचं काही नाही हो, डाग लागायची भीती!

त्याने हात उचललाच नव्हता. नुसता मार खाणारा या कलमात बसत नाही, असं एका वकिलांनी सांगितलं. समोरच्या दुकानाच्या सीसीटीव्हीत सगळं दिसतंय, पण फुटेज पुसलं जाण्याआधी ते रीतसर कसं मिळवायचं? पोलिसांकडे लेखी अर्ज द्यावा की थेट कोर्टात? अशा केसमधून कुणी गेलंय का?