नदीकाठच्या खडबडीत पायवाटेवर पाय घसरतात, काय करावं?

प्रश्न: शहरातल्या नदीकाठी दगड-मुळांची ६ किमीची कच्ची वाट आहे. डांबरी रस्त्यावर सहज धावता येतं, इथे मात्र पाय सारखे घसरतात. रस्त्यावरचे बूट चालतील का?

प्रतिसाद १: कोरड्या मातीवर चालतील. चिखलात नाही, कारण तळव्याच्या उथळ खाचा लगेच भरतात. ४-५ मिमी खोल, विरळ दातांचे ट्रेल शूज (कच्च्या वाटेवर धावायचे बूट) घ्या. ओल्या मुळांवर आणि शेवाळलेल्या दगडांवर मात्र तेही दगा देतात. मूळ ओलांडून पुढे जा, त्यावर पाय देऊच नका.

प्रतिसाद २: माझ्या मते बुटांपेक्षा पावलं महत्त्वाची. लांब ढांग टाकली की पाय शरीराच्या पुढे पडतो आणि तिथूनच सटकतो. पावलं आखूड आणि भरभर टाका, नजर ३-४ मीटर पुढे ठेवा. उतारावर मागे झुकू नका, टाच आधी टेकते. सुरुवातीला अंतर मोजू नका, फक्त २०-२५ मिनिटं धावा. चढावर धावू नका, चालत जा. घोट्यांना सवय व्हायला काही आठवडे लागतात.

प्रतिसाद ३: पूर ओसरल्यावर काठाच्या अगदी कडेने धावू नका. पाणी काठ खालून पोखरतं, वरची माती मात्र शाबूत दिसते. कडेला समांतर भेग दिसली तर तिथून मागे फिरा.